एक पोर्ट, अनेक वाटेकरी

सिरियल पोर्ट जुना झाला, संपला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नवा सर्किट बोर्ड तयार होऊन टेबलावर आला की त्याचा पहिला शब्द सिरियल पोर्टवरच उमटतो. कारखान्यातले पीएलसी, वीजमीटर, जीपीएस, राउटर, डेटा सेंटरमधले सर्व्हर या सगळ्यांशी बोलण्याची शेवटची खात्रीची वाट हीच आहे. माझे काम लिनक्स कर्नल आणि त्यातल्या ड्रायव्हरशी संबंधित आहे. या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते याच पोर्टने, कारण पोर्ट एक असतो आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी ते धडे इथे मांडतो आहे. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कर्नल स्वतःच्या रचना सांभाळतो, पोर्टवर चाललेले संभाषण मात्र आपल्यालाच सांभाळावे लागते.

१. पोर्ट फाइलसारखा उघडतो, पण फाइलसारखा वागत नाही.

डिस्कवरची फाइल दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी वाचली तर दोघांनाही ती पहिल्या अक्षरापासून पूर्ण मिळते. पोर्टवर आलेला बाइट एकदाच वाचला जातो. जो आधी पोहोचतो त्याच्या हाती तो पडतो, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो आलेलाच नसतो. म्हणून लॉगमधली अक्षरे मधूनच गायब दिसली, की वायर किंवा बॉड रेट तपासण्याआधी मी पाहतो की हा पोर्ट आणखी कोणी उघडून बसले आहे का. ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ ही कमांड क्षणात उत्तर देते. दोन वाचक असतील तर दोघांनाही अर्धवट मजकूर मिळतो आणि दोघेही हार्डवेअरला दोष देत बसतात.

सेटिंगचेही तसेच. बॉड रेट, पॅरिटी, एको, रॉ मोड हे सारे ‘टर्मिऑस’ रचनेत असते आणि ही रचना डिव्हाइसची असते, तुमच्या फाइल डिस्क्रिप्टरची नाही. एकाने ९६०० लावले की ११५२०० वर बोलणाऱ्या दुसऱ्याला कचरा दिसू लागतो. लिनक्समध्ये सिरियल पोर्टची ही सेटिंग पोर्ट बंद झाल्यावरही टिकतात आणि पुढच्या ओपनला तशीच मिळतात. त्यामुळे आधीच्या प्रोग्रॅमने पोर्ट कोणत्या स्थितीत सोडला असेल यावर विसंबू नका. उघडल्याबरोबर प्रत्येक सेटिंग स्वतः लावा. फ्रीबीएसडीने इथे एक सुंदर सोय केली आहे. प्रत्येक पोर्टच्या जोडीला ‘इनिट’ आणि ‘लॉक’ अशी दोन डिव्हाइस असतात. पहिले ठरवते की पोर्ट उघडताना कोणती सेटिंग असावीत. दुसरे ठरवते की त्यांतली कोणती बदलता येऊ नयेत.

२. कर्नल एका ‘राइट’ची हमी देतो, संवादाची नाही.

टर्मिनल आणि सिरियल पोर्ट सांभाळणारी लिनक्सची टीटीवाय यंत्रणा लिहिणाऱ्यांना एका लॉकमागे रांगेत उभे करते. एका ‘राइट’ कॉलचा मजकूर दुसऱ्या प्रोसेसच्या ‘राइट’मध्ये मिसळत नाही. पण एकच आज्ञा तुम्ही तीन तुकड्यांत लिहिली, तर त्या तुकड्यांच्या मधल्या फटीत दुसऱ्याचे बाइट घुसू शकतात. मॉडबस आरटीयूसारख्या प्रोटोकॉलमध्ये तर साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे फ्रेम संपल्याची खूण असते. म्हणून संपूर्ण फ्रेम बफरमध्ये तयार करायची आणि एकाच ‘राइट’ने पाठवायची, हा माझा नियम आहे.

प्रश्न विचारला आणि उत्तर आले, ही जोडी कर्नलला ठाऊकच नसते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शेजारचा प्रोग्रॅम वाचून टाकू शकतो आणि कर्नलच्या दृष्टीने त्यात काहीही गैर घडलेले नसते. व्यवहार जिथे सुरू होतो तिथपासून संपेपर्यंत लॉक धरायचे असेल, तर ते तुमच्या प्रोग्रॅममध्येच असले पाहिजे.

३. हक्क उघडतानाच सांगा, आणि दोन्ही बाजूंनी सांगा.

लिनक्समध्ये पोर्ट फक्त आपल्यासाठी राखून ठेवण्याची एक ‘आयोसीटीएल’ आहे, टीआयओसीएक्ससीएल. ती लावली की त्यानंतर पोर्ट उघडू पाहणाऱ्याला ‘डिव्हाइस व्यस्त आहे’ अशी एरर मिळते. हे साधन उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा नीट लक्षात ठेवाव्यात. ज्याने आधीच पोर्ट उघडला आहे त्याला ती अडवत नाही. प्रशासकीय अधिकार असलेल्या प्रोसेसलाही अडवत नाही. आणि दोघांनी जवळपास एकाच क्षणी ओपन केले, मग दोघांनी ती लावली, तर दोघेही आत राहतात आणि दोघांनाही वाटते की पोर्ट आपलाच.

ही फट बुजवण्यासाठी मी आधी ‘फ्लॉक’ वापरतो: पोर्ट उघडायचा, न थांबता एक्सक्लुझिव्ह लॉक मागायचे, मिळाले नाही तर लगेच बंद करून बाहेर पडायचे, मिळाले तर मग ‘आयोसीटीएल’ लावायची. ‘फ्लॉक’ केवळ परस्परसंमतीने चालते. ज्याने विचारलेच नाही त्याला ते थांबवत नाही. पण प्रोसेस कोसळली तरी कर्नल ते आपोआप सोडतो, हा त्याचा मोठा गुण. पायसिरियल लायब्ररीत ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय दिला की पोसिक्स प्रणालींवर ती हेच ‘फ्लॉक’ घेते. तो पर्याय प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लिहायची सवय लावून घ्या.

कंटेनर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. ‘फ्लॉक’ डिव्हाइस नोडच्या आयनोडशी जोडलेले असते. कंटेनरने त्याच पोर्टसाठी स्वतःचा वेगळा नोड बनवला असेल, तर आतले लॉक बाहेर दिसत नाही. ‘आयोसीटीएल’चा फ्लॅग मात्र थेट टीटीवाय रचनेत असतो, नोड कितीही असोत, तो एकच राहतो. म्हणूनच दोन्ही लावायचे.

४. जुन्या लॉक फाइलचा मान राखा, पण तिच्यावर विसंबू नका.

यूयूसीपीच्या काळापासून एक प्रथा आहे. पोर्ट वापरण्याआधी ‘एलसीके’ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल ठरलेल्या डिरेक्टरीत तयार करायची आणि तिच्यात आपला प्रोसेस क्रमांक लिहायचा. लिनक्सच्या फाइलसिस्टिम मानकात त्याचा नमुनाही ठरलेला आहे: दहा अक्षरांच्या जागेत उजवीकडे सरकवलेला क्रमांक आणि शेवटी नवी ओळ, म्हणजे एकूण ११ बाइट. मिनीकॉम आजही ही प्रथा पाळतो.

प्रोसेस मेली आणि फाइल मागे उरली, तर पुढच्याने क्रमांक वाचून ती प्रोसेस जिवंत आहे का ते तपासायचे, अशी रीत आहे. पण तपासणे आणि फाइल काढून टाकणे यांच्या मध्ये फट राहते. कंटेनरच्या आतला प्रोसेस क्रमांक बाहेर निरर्थक असतो. आणि त्याच पोर्टला सिम्बॉलिक लिंकने दुसरे नाव दिले असेल, तर दोन नावांच्या दोन लॉक फाइल सुखाने एकत्र नांदतात. जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी ही फाइल जरूर तयार करा. संरक्षण मात्र तिसऱ्या धड्यातलेच.

५. येणारा कॉल आणि जाणारा कॉल, दोघांचीही सोय लागते.

मोडेमच्या काळात एकाच लाइनवर बाहेरून लॉगिन करणारे येत आणि त्याच लाइनवरून आतले लोक बाहेर फोन लावत. लॉगिन स्वीकारणारा ‘गेटी’ हा प्रोग्रॅम पोर्ट उघडून कॅरियर सिग्नलची वाट पाहत ओपनमध्येच थांबलेला असे. बीएसडी परंपरेने एकाच पोर्टला दोन नावे देऊन हा प्रश्न सोडवला. फ्रीबीएसडीत ‘टीटीवाययू०’ हे येणाऱ्या कॉलसाठी आणि ‘सीयूएयू०’ हे जाणाऱ्या कॉलसाठी. पहिला वाट पाहत असताना दुसरा काम करून जाऊ शकतो. मॅकवर ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशी दोन नावे दिसतात ती याच परंपरेतून. बोर्डला जोडताना तिथे ‘सीयू’च निवडावे, कारण ‘टीटीवाय’ कॅरियरची वाट पाहत अडकू शकते.

लिनक्समध्येही पूर्वी अशी जोडी होती. दोन नावांमुळे लॉक फाइलचा गोंधळ होई, म्हणून ती पुढे काढून टाकली गेली. आता नॉन-ब्लॉकिंग ओपन आणि ‘सीलोकल’ हा फ्लॅग ते काम करतात.

६. उघडण्यापेक्षा बंद करणे कठीण.

पोर्ट उघडणारे अनेक असतील तर हार्डवेअर नेमके कधी बंद करायचे? शेवटच्याने सोडल्यावर. त्यासाठी कर्नल मोजणी ठेवतो. ही मोजणी एका अंकाने जरी चुकली, तरी पोर्ट कायमचा उघडा राहतो किंवा वापरात असतानाच मिटतो. शिवाय बंद करताना बफरमध्ये उरलेले बाइट बाहेर जाऊ द्यावे लागतात. लिनक्सची सिरियल यंत्रणा त्यासाठी साधारणपणे ३० सेकंदांपर्यंत थांबते. या अवधीत नवा कोणी पोर्ट उघडायला आला तर त्याचे काय, याचे उत्तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे तयार असले पाहिजे.

शेवटच्या क्लोजला, ‘हपसीएल’ फ्लॅग लागलेला असेल तर, डीटीआर ही सिग्नल लाइन खाली जाते. पुढच्या ओपनला ती पुन्हा वर येते. आर्डुइनो उनो बोर्डवर हीच लाइन एका कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेली असते. म्हणजे कोणी फक्त पाहण्यासाठी पोर्ट उघडला तरी बोर्ड नव्याने सुरू होऊ शकतो. पोर्ट ‘नुसता उघडून पाहणे’ ही निरुपद्रवी क्रिया नव्हे, हे प्रत्येक सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

७. केबल निघाली तरी वाटेकरी उरतात.

यूएसबी-सिरियल केबल उपटली तर डिव्हाइस गेले, पण ज्या प्रोग्रॅमने ते उघडले होते त्याच्याकडे डिस्क्रिप्टर अजून आहे. लिनक्स इथे हँगअप करतो: त्या फाइलच्या सर्व क्रिया बदलून टाकतो. त्यानंतर वाचले तर शून्य बाइट मिळतात आणि लिहिले तर इनपुट-आउटपुट एरर येते. शून्याचा अर्थ ‘सध्या काही नाही’ असा लावणारा प्रोग्रॅम अखंड फिरत राहतो आणि प्रोसेसर खातो. हँगअपनंतर येणारे शून्य म्हणजे पोर्ट गेला. डिस्क्रिप्टर बंद करा. तो धरून ठेवला तर जुना क्रमांक मोकळा होत नाही आणि तीच केबल परत लावल्यावर ‘यूएसबी०’ऐवजी ‘यूएसबी१’ या नावाने अवतरते. म्हणून क्रमांकावर न विसंबता ‘सिरियल’ डिरेक्टरीतल्या ‘बाय-आयडी’ किंवा ‘बाय-पाथ’ या स्थिर नावांनी पोर्ट उघडावा.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी यातला धडा आयुर्मानाचा आहे. लिनक्समध्ये दोन वेगळ्या रचना आहेत. ‘टीटीवाय स्ट्रक्ट’ पहिल्या ओपनपासून शेवटच्या क्लोजपर्यंत जगते. ‘टीटीवाय पोर्ट’ हार्डवेअर असेपर्यंत जगते. इंटरप्ट आला तेव्हा पहिली रचना अस्तित्वातच नसेल, हे गृहीत धरूनच लिहायचे. अॅलन कॉक्स यांनी २००८च्या सुमारास टीटीवायमध्ये संदर्भ-मोजणी आणली, तेव्हापासून ‘मागून घ्या, वापरा, परत करा’ ही शिस्त शक्य झाली.

८. लॉक घेण्याआधी ते कशाचे रक्षण करते ते लिहून काढा.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी विद्यापीठाच्या संगणकाशी जोडण्यासाठी एक टर्मिनल प्रोग्रॅम लिहिला. त्यात दोन कामे आलटून पालटून चालत: एक कीबोर्डवरून मोडेमकडे, दुसरे मोडेमकडून स्क्रीनकडे. त्यातूनच पुढे लिनक्स वाढला. म्हणजे टीटीवायमधला वाटणीचा प्रश्न या प्रणालीइतकाच जुना आहे. अनेक वर्षे तो ‘बिग कर्नल लॉक’ या एकाच मोठ्या लॉकखाली झाकलेला होता. ते लॉक काढताना टीटीवाय ही सर्वांत अवघड गाठींपैकी एक ठरली. आधी तिच्यासाठी ‘बिग टीटीवाय म्यूटेक्स’ आणावा लागला, २०११ साली २.६.३९ आवृत्तीत मोठे लॉक पूर्ण गेले, आणि त्यानंतर प्रत्येक टीटीवायला स्वतःचे लॉक मिळाले. फ्रीबीएसडीत हेच काम एड स्काउटेन यांनी सगळी टीटीवाय यंत्रणा नव्याने लिहून केले. ती २००९च्या ८.० आवृत्तीत आली.

हे काम का महत्त्वाचे, ते तीन सुरक्षा-त्रुटींतून कळते. २०१४मध्ये उघड झालेल्या त्रुटीत प्रोसेसचे लिहिणे आणि कर्नलचा एको एकाच वेळी त्याच बफरमध्ये घुसत. त्यातून साधा वापरकर्ता सर्वाधिकारी बनू शके. ती त्रुटी जवळपास पाच वर्षे कोडमध्ये होती. २०१७मध्ये अलेक्झांडर पोपोव यांनी ‘एन-एचडीएलसी’ या लाइन डिसिप्लिनमधली शर्यत दाखवली, जिच्यात एकच बफर दोनदा मोकळा होई. ते मॉड्यूल आपोआप लोड होत असल्याने हल्ल्यासाठी त्या प्रकारचे हार्डवेअर असण्याचीही गरज नव्हती. २०२०मध्ये यान हॉर्न यांना आढळलेली त्रुटी मला सर्वांत बोधप्रद वाटते. स्यूडो-टर्मिनलला दोन टोके असतात. कोड एका टोकाचे लॉक घेत होता आणि बदल दुसऱ्या टोकाच्या माहितीत करत होता. शेजारच्या घराला कुलूप लावून आपले घर सुरक्षित समजावे, तसे ते होते. लॉक होते, घेतलेही जात होते, फक्त ते त्या माहितीचे नव्हते.

म्हणून मी रचनेतल्या प्रत्येक फील्डशेजारी ते कोणत्या लॉकखाली आहे याची टिप्पणी लिहितो, आणि एकाहून जास्त लॉक लागत असतील तर ती कोणत्या क्रमाने घ्यायची हेही. तपासणीसाठी कोड आला की मी आधी या टिप्पण्या शोधतो.

९. इंटरप्टला वेळेचा हिशेब द्या.

इंटरप्ट हँडलर हाही एक वाटेकरीच, आणि तो थांबू शकत नाही. ११५२०० बॉडला एका अक्षराचे १० बिट धरले तर दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. १६५५०ए या प्रसिद्ध चिपचा बफर १६ बाइटांचा; आठ बाइट भरल्यावर इंटरप्ट येत असेल तर उरलेल्या आठ बाइटांसाठी तुमच्याकडे जेमतेम ०.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्या वेळात बाइट उचलले नाहीत तर ते हरवतात.

यासाठीच हँडलरमध्ये स्पिनलॉक अगदी थोडा वेळ धरायचे, बाइट उचलून फ्लिप बफरमध्ये टाकायचे आणि पुढचे काम वर्कक्यूकडे सोपवायचे. बाइट हरवल्याचा संशय असेल तर ‘प्रॉक’मधल्या सिरियल ड्रायव्हरच्या नोंदीत ‘ओई’ हा आकडा पाहा. तो वाढत असेल तर बाइट वेळेवर उचलले जात नाहीत. वाढत नसेल तर पहिल्या धड्यातला दुसरा वाचक शोधा.

१०. कन्सोलवर कर्नलही बोलतो.

कन्सोल म्हणून नेमलेल्या पोर्टवर शेल, लॉगिन आणि कर्नलचे ‘प्रिंटके’ संदेश एकत्र येतात. हे संदेश टीटीवायच्या लेखन-रांगेत उभे राहत नाहीत. ते थेट हार्डवेअरच्या लॉकपर्यंत जातात, कारण प्रणाली कोसळत असतानाही शेवटची ओळ बाहेर पडली पाहिजे. याची किंमतही आहे. ११५२०० बॉडला १०० अक्षरांची ओळ पाठवायला जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतात. रिअल-टाइम लिनक्सला मुख्य कर्नलमध्ये येण्यासाठी २०२४पर्यंत थांबावे लागले, आणि ‘प्रिंटके’ची पुनर्रचना हा त्यातल्या शेवटच्या अडथळ्यांपैकी एक होता. म्हणून कन्सोलचा पोर्ट मोजमापाच्या किंवा नियंत्रणाच्या उपकरणाला देऊ नका. तिथे कर्नल कधी बोलेल हे तुमच्या हातात नसते.

११. न बोलावलेले वाटेकरी ओळखा.

नवे यूएसबी-सिरियल उपकरण लावले की ‘मोडेममॅनेजर’ ते मोडेम आहे का हे पाहण्यासाठी त्यावर एटी आज्ञा पाठवू शकतो. नाजूक उपकरणाला हे बाइट म्हणजे चुकीची आज्ञा. ‘यूडेव्ह’च्या नियमात ते उपकरण दुर्लक्षित करण्याची खूण देता येते, ती द्यावी.

दुसरे उदाहरण ‘बीआरएलटीटीवाय’चे. अंध व्यक्तींना ब्रेल डिस्प्लेवर संगणक वापरता यावा यासाठी ही सेवा चालते. काही ब्रेल उपकरणांत आणि अनेक स्वस्त बोर्डांत सीएच३४० ही एकच चिप, त्याच ओळख-क्रमांकासह असते. त्यामुळे ही सेवा बोर्डालाच ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेऊ शकते, आणि मग बोर्ड लावताच पोर्ट दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. ही सेवा सरसकट काढून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. स्वतःच्या मशिनवर ती लागत नसेल तर ठीक. सामायिक मशिनवर मात्र फक्त तुमच्या उपकरणापुरता नियम बदला. त्या सेवेवर कोणाचे तरी संगणक वापरणे अवलंबून आहे.

१२. एक मालक नेमा, बाकी सगळे त्याच्याकडे मागतील.

वरचे सगळे करूनही अनेकांना पोर्ट हवाच असेल, तर त्याचे एकच टिकाऊ उत्तर आहे: पोर्ट एकाच प्रोसेसने उघडायचा आणि इतरांनी तिच्याशी बोलायचे. ‘जीपीएसडी’ हेच करते. रिसीव्हर एकटी वाचते आणि २९४७ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर कितीही जणांना माहिती देते. ‘कॉन्सर्व्हर’ सर्व्हरच्या कन्सोलसाठी हेच करतो: पाहणारे अनेक, लिहिण्याचा हक्क एका वेळी एकालाच, आणि सगळ्याची नोंद. प्रयोगशाळेतल्या बोर्डांसाठी ‘सेरटूनेट’ पुरेसा ठरतो. प्रश्न-उत्तराची जोडी सांभाळणे, केबल निघाल्यावर पुन्हा जोडणे, लॉग ठेवणे हे सारे मग एकाच ठिकाणी नीट करता येते.

कर्नलच्या ‘ड्रायव्हर्स’ डिरेक्टरीतला ‘टीटीवाय’ विभाग सर्वांना खुला आहे. त्यातली ‘टीटीवाय आयओ’ ही फाइल उघडा आणि ओपन, क्लोज, हँगअप या तीन फंक्शनपासून वाचायला सुरुवात करा. आणि सिरियल पोर्ट वापरणारा पुढचा प्रोग्रॅम लिहायला घ्याल, तेव्हा पहिली ओळ लिहिण्याआधी एवढे ठरवा की या पोर्टचा मालक कोण, आणि तो मालक मेला तर पोर्ट कोणाकडे जाईल. ज्या प्रकल्पात या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवलेली असतात, तिथला पोर्ट वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो.